किल्लारीच्या माणसांनी कोणते पाप केले होते?



दौंडजवळच्या एका वस्तीत एका कुटुंबाने अशोक विजयादशमीला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. देव्हाऱ्यातील टाक आणि तसबिरी उतरवून भीमेच्या पाण्यात सोडल्या. रिकाम्या झालेल्या कोनाड्यात तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा ठेवली. पुढच्या उन्हाळ्यात त्याच भिंतीला कोनाड्यापासून जोत्यापर्यंत बोट जाईल एवढी भेग पडली. झाले! भावकीला निमित्तच हवे होते. "बघा, देव घालवले आणि घर दुभंगले," असे जो तो म्हणू लागला. घरातल्या म्हाताऱ्या आजींनी मला निरोप पाठवला. मी गेलो, भिंत पाहिली. त्या भागात काळीभोर माती आहे. ती उन्हाळ्यात आक्रसते, पावसाळ्यात फुगते. घराचा पाया खाली मुरमापर्यंत नेलेला नव्हता, काळ्या मातीतच संपवला होता. अशा घराची भिंत फाटली नाही तरच नवल. शिवाय दोन घरे पलीकडे एका भाविक गृहस्थाची भिंत याहून अधिक फाटली होती, आणि त्यांच्या देव्हाऱ्यातले देव तर जागच्या जागीच होते! हे दाखवल्यावर घरातली तरुण मुले हसली. मलाही वाटले, काम झाले.

पण आजी हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गुरुजी, भिंतीचं कळलं. पण किल्लारीचं सांगा. माझी धाकटी बहीण आन् तिची दोन लेकरं तिथं गाडली गेली. तिनं काय पाप केलं व्हतं?"

आजींचे माहेर लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात. ऊसतोडीच्या निमित्ताने त्या दौंडकडे आल्या आणि इथेच राहिल्या. बहिणीचा नवरा सालगडी होता, आणि ते कुटुंब मालकाच्या वाड्याला लागून असलेल्या दगडी खोलीत राहत असे. त्या रात्रीपासून आजी हा एकच प्रश्न विचारीत आल्या आहेत. गावच्या भगताने सांगितले, देवीचा कोप. कीर्तनकाराने सांगितले, कलियुगात पाप वाढले. आणि वाचकहो, इथे मला खरा धक्का बसला. दीक्षा घेतल्यावर आजी एका विहारात प्रवचनाला गेल्या होत्या. तिथेही त्यांनी हाच प्रश्न विचारला, आणि तिथल्या वक्त्याने उत्तर दिले, "मावशी, ते त्यांच्या पूर्वजन्मीच्या कर्माचे फळ होते." म्हणजे देव गेले, टाक नदीत गेले, आणि उत्तर मात्र तेच राहिले. नुसती भाषा पाली झाली.

आजींचा हा प्रश्न मी आज आपल्यापुढे ठेवीत आहे. तो आपल्यापैकी प्रत्येक नवदीक्षित घरात केव्हा ना केव्हा विचारला जाणार आहे. कुणाचे मूल दगावेल, कुणाची विहीर आटेल, कुणाचा मुलगा महामार्गावर अपघातात सापडेल. तेव्हा आपण काय उत्तर देणार?

आधी किल्लारीला झाले काय ते पाहू.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे असताना, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याची जमीन हादरली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून लोक उशिरा निजले होते, गाढ झोपेत होते. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास मोजली गेली. मृतांचा आकडा काही नोंदींत आठ हजारांच्या जवळ आहे, काहींत दहा हजारांच्या जवळ. बावन्न गावे इतकी उद्ध्वस्त झाली की ती जागाच सोडून नव्याने वसवावी लागली.

आता कारण. आपल्या पायाखालची जमीन अखंड एकसंध नाही. पृथ्वीचे वरचे कवच सात मोठ्या आणि अनेक लहान तुकड्यांचे बनलेले आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. साधारणतः शंभर किलोमीटर जाडीचे हे पट्ट खालच्या तप्त खडकावर अत्यंत मंद गतीने सरकत असतात. खालचा खडक पातळ नाही, घनच आहे. पण लोहाराच्या भट्टीतले लोखंड घन असूनही जसे तापल्यावर वाकते, तसा तो लाखो वर्षांच्या मुदतीत वाहतो. तापलेला भाग वर येतो, थंड झालेला खाली जातो. सागरतळाची जुनी, थंड, जड झालेली कडा खाली बुडते आणि आपल्यामागे सगळा पट्ट ओढून नेते. कुठे दोन पट्ट एकमेकांपासून दूर जातात, कुठे घासून जातात, तर कुठे एकमेकांवर आदळतात. खंडे सरकतात हा विचार जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ साली मांडला तेव्हा बड्या पंडितांनी तो हसण्यावारी नेला. वेगेनर १९३० साली ग्रीनलंडच्या बर्फात वारले. त्यांचे म्हणणे सागरतळाच्या मोजणीने खरे ठरले ते १९६० नंतरच्या दशकात.

आपला भारताचा पट्ट एकेकाळी आफ्रिका, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांना जोडलेला होता. त्या प्राचीन महाखंडाला शास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात. ज्या गोंड आदिवासींना इथल्या उच्चवर्णीयांनी रानटी म्हटले, त्यांच्या भूमीचे नाव जगाच्या भूगोलात असे अजरामर झाले आहे! त्या महाखंडापासून सुटून आपला तुकडा उत्तरेकडे निघाला. वाटेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, तो विषुववृत्ताच्या दक्षिणेला असताना भूमी फाटून लाव्हारसाचे थरावर थर पसरले. शिरूर आणि दौंड तालुक्यांत विहीर खणताना जो काळा पाषाण लागतो, तो त्याच लाव्हाचा. ज्या काळ्या मातीने आजींची भिंत फाडली, ती त्याच पाषाणाची झीज. पुढे सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी हा पट्ट आशियावर आदळला आणि मधली जमीन चुरगळून हिमालय उभा राहिला. ही टक्कर अजून संपलेली नाही. आपण वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकत आहोत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या ज्या भूमीवर बाबासाहेब उभे राहिले, ती दीक्षाभूमीसुद्धा त्या दिवसापासून तीन मीटरहून अधिक पुढे गेली आहे. अनित्यतेचा याहून भक्कम दाखला दुसरा कोणता हवा?

पण किल्लारी तर हिमालयापासून हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिथे का? ज्वारीचे एक वाळलेले धाट घ्या. दोन्ही टोके हातात धरून हळूहळू वाकवा. जोर आपण टोकांवर देतो, पण धाट मोडते ते मध्ये, जिथे आधीच किडीने पोखरलेले असते तिथे. मोडताना कडकन आवाज होतो आणि तळहाताला झिणझिणी येते. भारताचा पट्ट उत्तरेला अडला आहे आणि मागून रेटा चालूच आहे. हा ताण सगळ्या पट्टात साठत जातो. काळ्या पाषाणाच्या थराखाली फार जुन्या भेगा झाकलेल्या आहेत. त्यांतली एखादी शेकडो, कदाचित हजारो वर्षे दाब सोसते आणि एका पहाटे सुटते. जी झिणझिणी धाट मोडल्यावर हाताला येते, तीच लाट होऊन जमिनीतून धावते. किल्लारीला ही मोडतोड फार उथळ, पृष्ठभागाच्या अगदी जवळ झाली, म्हणून तडाखा भयंकर बसला. १९९३ पूर्वीच्या सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवलेला होता. १९९२ च्या ऑक्टोबरपासून तिथे लहान धक्के जाणवत होते, तरीही मोठा धक्का केव्हा येईल हे कुणालाच सांगता आले नाही. आजही कोणत्याही देशातील शास्त्रज्ञ भूकंपाचा दिवस आणि वेळ आधी सांगू शकत नाही. तेव्हा अमुक तारखेला भूकंप होणार असे निरोप मोबाईलवर आले, तर ते पुढे पाठवू नयेत.

आपल्या पुणे जिल्ह्याच्या शेजारी दुसरे उदाहरण आहे ते कोयनेचे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर हादरले आणि सुमारे १८० माणसे मेली. तिथे धरणाच्या जलाशयात पाणी भरू लागल्यानंतर धक्के सुरू झाले होते. पाण्याचे वजन आणि भेगांत मुरणारे पाणी यांमुळे आधीच ताणलेला खडक सुटला, असे शास्त्रज्ञ मानतात. प्रत्येक धरणापाशी असे होत नाही. घोड नदीवर चिंचणीला धरण आहे म्हणून शिरूरकरांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. सांगायचे एवढेच की कोयनेला माणसाच्या कृतीचा हात होता तोही पाण्यातून आणि खडकातून पोहोचला. पापातून नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपत्ती ही शिक्षा असते काय?

या प्रश्नावर आपल्या देशात एक मोठा वाद झालेला आहे, आणि तो आपल्याशी थेट संबंधित आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहार आणि नेपाळमध्ये प्रचंड भूकंप झाला. दहा हजारांहून अधिक माणसे गेली. गांधीजी तेव्हा अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर होते. त्यांनी जाहीरपणे सांगितले की हा भूकंप अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वराने दिलेली शिक्षा आहे. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला विरोध केला. अस्पृश्यता हे पाप आहे हे टागोरांनाही मान्यच होते. परंतु निसर्गातील घटनेला निसर्गातीलच कारण असते, तिला नैतिक शिक्षा ठरवणे म्हणजे लोकांच्या अविवेकाला खतपाणी घालणे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांचे हे पत्र गांधीजींनी आपल्या 'हरिजन' पत्रात छापले आणि उत्तरही दिले, पण आपले मत बदलले नाही.

मी खरे सांगतो. कॉलेजात असताना हे प्रथम वाचले तेव्हा गांधीजींचे म्हणणे मला मनातून आवडले होते. आपल्या आज्यापणज्यांचा ज्याने छळ केला, त्या पापाने धरणी हादरली, ही कल्पना दुखावलेल्या मनाला गोड वाटते. आपल्यापैकीही कुणाला वाटली असेल. पण थोडे पुढे जाऊन विचार करा. बिहारात जे दहा हजार मेले त्यांत अस्पृश्य नव्हते काय? ज्यांच्यावर पाप झाले त्यांनाच त्या पापाची शिक्षा? आणि ज्यांनी हजारो वर्षे विहिरी बंद ठेवल्या, ते कोट्यवधी लोक जागच्या जागी सुखरूप कसे राहिले? शिवाय ही तलवार दोन्हीकडून कापते. सनातनी म्हणू शकतो, "तुम्ही अस्पृश्यांना देवळात घ्यायला निघालात म्हणून ईश्वर कोपला." दोघांजवळ पुरावा सारखाच, म्हणजे शून्य. भावकी आजींना जे म्हणाली ते याच दुसऱ्या जातीचे आहे. एकदा भूकंपाला न्यायाधीश केले, की निकाल कुणाच्या बाजूने लागला हे ज्याचा आवाज मोठा तोच सांगणार. आणि गावात आवाज कुणाचा मोठा असतो, हे आपल्याला सांगायला नको.

किल्लारीची गोष्ट तर या मताची पुरती फजिती करते. तिथे सर्वांत जास्त माणसे मारली ती जाड दगडमातीच्या भिंतींनी आणि माळवदाच्या मातीने. कुडाच्या, गवताच्या झोपडीत राहणारे पुष्कळ गरीब वाचले, कारण अंगावर पडायला जड असे काही नव्हतेच. पूर्वकर्माच्या पंडितांनी आता काय म्हणावे? वाड्यात राहणारे पापी आणि झोपडीतले पुण्यवान? मग इतकी वर्षे ते उलटे का सांगत होते? आणि आजींची बहीण? ती तर गरीबच होती. पण तिच्या डोक्यावरची भिंत श्रीमंताची होती.

तथागतांनी याविषयी काय सांगितले आहे, ते आपण जाणून घेतले पाहिजे. संयुत्त निकायात सीवक नावाच्या परिव्राजकाची कथा आहे. तो विचारतो, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सर्व पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात. आपले मत काय? भगवान उत्तर देतात की काही वेदना पित्ताने होतात, काही कफाने, काही वाताने, काही ऋतुबदलाने, काही हयगयीने, काही बाहेरच्या आघाताने, आणि काही कर्मफलाने. सगळेच पूर्वकर्माने होते असे म्हणणारे लोक, जे आपल्याला प्रत्यक्ष कळते आणि जगाला मान्य आहे, त्याच्याही पलीकडे धावतात. म्हणून त्यांचे म्हणणे चूक आहे. वाचकहो, विहारातल्या त्या वक्त्याला हे सुत्त माहीत असते, तर आजी त्या दिवशी रडत घरी आल्या नसत्या. पुढच्या बौद्ध आचार्यांनी पाच नियम सांगितले, त्यांत ऋतुनियम वेगळा आणि कर्मनियम वेगळा. ऊन, पाऊस, वारा, भूमी यांचे वागणे ऋतुनियमात येते. माणसाच्या कृतीचे बरेवाईट परिणाम कर्मनियमात येतात. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात निसर्गाची व्यवस्था आणि नैतिक व्यवस्था अशी फोड केली आहे, आणि नैतिक व्यवस्था टिकवणे हे माणसाच्या हाती सोपवले आहे. पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धान्ताबद्दल तर त्यांनी फार स्पष्ट लिहिले आहे की गरिबांच्या दैन्याची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकून टाकावी, यापलीकडे त्याचा दुसरा हेतू दिसत नाही.

इथे एक अडचण आहे आणि ती लपवणे मला बरोबर वाटत नाही. दीघ निकायातील महापरिनिब्बान सुत्तात भूकंपाची आठ कारणे सांगितलेली आहेत. आनंद विचारतो, धरणी का हादरली? त्यावर पहिले कारण असे दिले आहे की पृथ्वी पाण्यावर आहे, पाणी वाऱ्यावर आहे, मोठा वारा सुटला की पाणी हलते आणि पाणी हलले की पृथ्वी हलते. पुढची कारणे अशी की ऋद्धिमान पुरुषाचे सामर्थ्य, बोधिसत्त्वाचा जन्म, संबोधी, महापरिनिर्वाण इत्यादी. उद्या आपल्या मुलाने शाळेत भूपट्ट शिकून आल्यावर हे सुत्त उघडले, तर त्याला काय सांगणार? पोथी खरी की पुस्तक? माझे उत्तर असे आहे. बाबासाहेबांनी बुद्धवचन ओळखण्याची कसोटी दिली आहे. जे बुद्धिवादाला आणि तर्काला धरून नाही, ते बुद्धाचे मानू नये. पुढची सात कारणे श्रद्धाळू भक्तांनी गौरवासाठी घातली असावीत, असे मला वाटते. पहिले कारण आजच्या ज्ञानाने चूक ठरले आहे. पण ते ज्या दिशेने पाहते ती दिशा पाहा. त्यात वारा आहे, पाणी आहे, एकाच्या हलण्याने दुसऱ्याचे हलणे आहे. कुणाचा कोप नाही, कुणाचे पाप नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी कारण शोधणारा माणूस चुकू शकतो. ती चूक दुरुस्त करणे हे आपले काम, आणि ते करताना आपण धम्माशी द्रोह करीत नाही. कालामांना भगवंतांनी परंपरा आणि ग्रंथ यांवर विसंबून राहू नका असे सांगितले, त्यातून त्यांनी स्वतःला वगळले नव्हते.

पाचवी-सहावीच्या मुलांना हे समजावताना मी त्यांना टाकळी हाजीला नेतो. शिरूर तालुक्याच्या हद्दीवर कुकडी नदीच्या पात्रात काळ्या पाषाणाला रांजणासारखे खळगे पडलेले आहेत, पलीकडच्या काठावर निघोज. तिथे मळगंगा देवीचे ठाणे आहे, लोक श्रद्धेने येतात. मी देवीबद्दल काही बोलत नाही. खळग्याच्या तळाशी गोल गुळगुळीत गोटे असतात, ते मुलांना दाखवतो. भोवऱ्यात सापडलेला गोटा गरगर फिरतो आणि खडक कोरतो, एवढेच सांगतो. किती वर्षे लागली असतील, हे मुले आपोआप विचारतात. एका वर्षी परतीच्या वाटेवर एका मुलीने मला विचारले, "सर, भूकंपाला कोणाचंच पाप नसतं, तर मग माणसं मेली त्यात चूक कोणाचीच नाही का?"

हा प्रश्न आजींच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. कारण शिक्षेची कल्पना काढून टाकली की दुसऱ्या बाजूला एक सोयीचा खड्डा असतो. "निसर्गापुढे कोण काय करणार?" असे म्हणून मोकळे होणे. तथागतांनी सर्व काही पूर्वकर्माने होते हे मत नाकारले, सर्व ईश्वर करतो हे मत नाकारले, तसेच सर्व काही विनाकारण होते हे मतही नाकारले. तिघांचा दोष एकच, की काय करावे आणि काय करू नये याला जागाच उरत नाही.

म्हणून भूकंप आणि भूकंपाचे मरण या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. १९८९ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.९ होती, म्हणजे त्यातून सुटलेली शक्ती किल्लारीच्या दहापटीच्या आसपास. तिथे ६३ माणसे मेली. जागा, वेळ, खोली यांत फरक होता हे खरे, आणि किल्लारीला माणसे झोपेत होती हेही खरे. पण मोठा फरक भिंतीत होता. आपल्याकडे दोन-दोन, तीन-तीन फूट रुंदीच्या भिंती गोट्यांच्या, मातीत रचलेल्या. आतला पदर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोघांना बांधणारा आरपार दगड नाही. वर माळवदाचे मणामणाचे ओझे. जमीन हलली हा ऋतुनियम. भिंत कोसळली ती कुणीतरी तशी बांधली म्हणून. ज्याने बांधली त्याला दुसरे माहीत नव्हते, ज्याला माहीत होते तो गावापर्यंत पोहोचला नाही, आणि सालगड्याला कुठे निजायचे याची निवडच नव्हती. कर्म शोधायचेच असेल तर ते इथे शोधा. मेलेल्या बाईच्या मागच्या जन्मात नव्हे.

आणि कर्म इथेच थांबले नाही. भूकंपानंतर जगभरातून मदत आली, जागतिक बँकेचे कर्ज आले, नवी गावे वसली. ती घरे भक्कम होती, याबद्दल कृतज्ञताच असली पाहिजे. पण घर कुणाला केवढे द्यायचे हे ठरले जमिनीवरून. भूमिहीन आणि अत्यल्प जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, आणि मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. सरकारी कागदावर जात कुठेही लिहिलेली नव्हती. पण मराठवाड्याच्या खेड्यात भूमिहीन कोण असतो, हे विचारायला जनगणनेची गरज नाही. तीन मुले असलेल्या भूमिहीन बाईला कमी जागा लागते काय? भूकंपाने वाडा आणि झोपडी दोन्ही एका मिनिटात सारखी केली होती. माणसांनी ती मोजपट्टी घेऊन पुन्हा उंचसखल केली. २६ जानेवारी २००१ च्या गुजरातच्या भूकंपानंतरही मदतीच्या वाटपात दलितांना आणि मुसलमानांना डावलल्याच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. भूपट्टाला जात कळत नाही. तंबूची यादी करणाऱ्याला कळते.

त्या मुलीला मी एवढे सगळे सांगितले नाही. ती अकरा वर्षांची होती. मी तिला म्हटले, "चूक शोधायची, पण मेलेल्या माणसाकडे नाही शोधायची." तिने मान हलवली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. तिला किती पटले, कोण जाणे.

आजींकडे मात्र मी पुन्हा गेलो. सीवकाची गोष्ट सांगितली. ज्वारीचे धाट मोडून दाखवले. त्या बराच वेळ ते मोडके धाट हातात धरून बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी ती तिच्या पापानं मेली नाही." मी म्हटले, "नाही." त्या म्हणाल्या, "तिच्या लेकराच्याबी नाही." मी म्हटले, "नाही, आजी." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. दुःख काही कमी झाले नव्हते. बहीण गेली ती गेलीच. पण मरणाच्या वर जो आळ होता, तीस वर्षांचा, तो उतरला असावा असे मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. माझ्या वाटण्याला पुरावा नाही, हेही सांगून टाकतो.

नंतर त्यांनी नातवाला हाक मारली आणि भिंतीचा विषय काढला. दुरुस्ती करायची तर लिंपून झाकायची नाही, असे ठरले. गवंड्याला बोलावले. मी कागदावर काढून दिले: पाया मुरमापर्यंत, जोत्याच्या पातळीवर चारी भिंतींवरून सलग काँक्रीटची पट्टी, दारे-खिडक्यांच्या वर दुसरी तशीच पट्टी, कोपऱ्यांत सळया, आणि वर पत्रा. गवंडी म्हणाला, गुरुजी, वरच्या पट्टीचा खर्च वाढतो, इकडे कुणी घालत नाही. नातू माझ्याकडे पाहू लागला. आजी म्हणाल्या, "घाल."

साडेचार फुटांवर मुरूम लागला.